टारफुला, सोनाराचं भिंग आणि फुकटातली बॉटनी

मागच्या भादव्यातली गोष्ट. माळावरच्या वावरात दहा-बारा गुंठे जवारी होती, ती पण दाण्यापेक्षा कडब्यासाठीच, कारण बाकी सगळं रान सोयाबीनचं. पाऊस बरा झालेला, जमिनीत ओल होती, तरी जवारीचा एक पट्टा माना टाकून उभा. बुडाशी बसून बघितलं तर धाटांभोवती वीतभर उंचीची हिरवी रोपटी, अरुंद खरबरीत पानं अन् पांढरी इवली इवली फुलं. दिसायला इतकं गोड की कुणी कुंडीत लावावं.

फोटो काढला अन् मोबाईलमधल्या एका ॲपला दाखवला. ॲप म्हणालं व्हर्बेना, बागेत लावतात ते शोभेचं फूल. अगदी छातीठोक, वर टक्केवारी पण दिली.

घरी येऊन तोच फोटो आत्याबाईंना दाखवला (सासूबाई माझ्या, आमच्यात आत्याच म्हणतात). त्यांनी चष्मा पण नाही लावला. "आगं टारफुला हाय ह्यो. जवारी खाल्ली म्हण की त्यानं. इतके दिस दिसला कसा न्हाई तुला?"

मी बीएस्सी बॉटनी, २००२ ची. फुलांची फॉर्म्युले अजून झोपेत पण म्हणून दाखवीन. पण आमच्या कॉलेजात फूल बघितलं ते भिंतीवरच्या चार्टवर, अन् टारफुला आयुष्यात पहिल्यांदा बघितला तो पण व्हर्बेना म्हणून. त्या रात्री लाज वाटली खरंच. त्या लाजेपायी वर्षभर ज्या उचापती केल्या त्या लिहून काढते, कारण ट्युशनची पोरं अन् पोरीच्या लातूरच्या मैत्रिणी सारखं विचारतात की मॅडम, बॉटनी ऑनलाईन फुकटात कुठं शिकायची. यादी देणार नाही. अशीच एक यादी मी लॉकडाऊनमध्ये बुकमार्क करून ठेवली होती, चाळीस लिंका, त्यातली एक पण उघडली नाही. एका झाडाच्या मागं लागले तेव्हा कुठं एकेक उघडत गेली.

तर आधी नाव. टारफुला मराठीत सर्च केलं की शेतीवरच्या लेखांतून स्ट्रायगा हे नाव पाच मिनिटांत मिळतं. पण स्ट्रायगा हे नुसतं आडनाव झालं, त्या घरातले लोक बरेच. आपल्या वावरातला कोणता हे कुठलाच लेख सांगत नव्हता, सगळे एकमेकांचं कॉपी करून "नियंत्रणाचे उपाय" वर उडी मारत होते. मग मी ते केलं जे कॉलेजात असताना शक्यच नव्हतं, थेट हूकर उघडला.

आमच्या वेळी 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया' हे फक्त परीक्षेत एका मार्काला यायचं, जे. डी. हूकर, सात खंड, १८७२ ते १८९७, बस. पुस्तक आम्ही कुणीच बघितलेलं नव्हतं. आता ते सातही खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी नावाच्या साईटवर पानन् पान स्कॅन करून ठेवलेत, लॉगिन नाही, पैसे नाहीत, काही नाही. इंटरनेट आर्काईव्हवर पण आहेत. एक सांगते, अख्खा खंड डाऊनलोड करत बसू नका, आमच्याकडं एक टॉवर अन् त्यावर पाच गावं, पहाटे चारला लावलेलं डाऊनलोड सहाला लाईट गेली की मेलं. त्या लायब्ररीत हवी तेवढीच पानं निवडून पीडीएफ करता येते, मी चौथ्या खंडातली (१८८५ चा) स्ट्रायगाची मोजकी पानं घेतली, कामच झालं.

आता ती पानं वाचायची म्हणजे भाषा कळली पाहिजे. एकेका झाडाचं वर्णन तारेसारखं, क्रियापद नाही, सगळे तुटक शब्द. पण एकदा सवय लागली की मजा येते. "स्कॅब्रिड" शब्द अडला, अर्थ बघितला तर खरबरीत. म्हणजे मी वावरात बोटानं जे बघितलं होतं तेच त्या साहेबानं दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं! अंगावर काटा आला माझ्या. (हसा खुशाल.)

आणि जाती ओळखायची किल्ली काय, तर फुलाच्या बुडाला जी हिरवी नळी असते, कॅलिक्स, आपण शाळेत निदलपुंज म्हणतो ती, तिच्यावर उभ्या शिरा किती ते मोजायचं. पाच, दहा, का पंधरा. एवढंच.

एवढंच म्हणते खरं पण ती नळी असते केवढी, तांदळाच्या दाण्याएवढी. नुसत्या डोळ्यानं मोजता मोजता रांगा हलायच्या. मायक्रोस्कोप कुठून आणू? शेवटी बाजाराच्या दिवशी सोनाराच्या दुकानात गेले, मंगळसूत्राची वाटी चेपली होती ती नीट करून घ्यायची होती, तिथं त्याच्या डोळ्याला ते काळं भिंग बघितलं अन् डोक्यात प्रकाश पडला. तसलंच एक दहापट मोठं दाखवणारं भिंग मागवलं, एका सिनेमाच्या तिकिटाइतक्या पैशात आलं. माझ्या मते बॉटनी शिकणाऱ्यानं पहिला खर्च हाच करावा आणि शेवटचा पण. वापरायची पद्धत उलटी असते, भिंग डोळ्याला चिकटवायचं अन् फूल भिंगापाशी आणायचं, आपण सगळे पेपर वाचल्यासारखं लांब धरतो म्हणून काही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन रोपटी खुरप्यानं ढेकळासकट काढून आणली, उपटली की मूळ तुटतं म्हणून. बादलीत ढेकूळ भिजत ठेवलं, हळूहळू माती सुटली. फूल घेतलं, पाकळ्यांची नळी मधेच कोपरासारखी वाकलेली, हे स्ट्रायगाचं खास. मग हिरवी नळी शिवायच्या सुईनं उभी चिरली, पोळपाटावर पसरली अन् मोजलं. पाच. दुसरं फूल, पाच. पोरगी सुट्टीला आलेली, तिला न सांगता मोजायला लावलं, ती पण पाच म्हणाली. पाच शिरांचा आणखी एक भाऊ आहे त्यांच्यात पण त्याची पानं नुसत्या खवल्यासारखी असतात, आमच्याची चांगली लांब हिरवी होती. म्हणजे स्ट्रायगा डेन्सिफ्लोरा. जवारीवरचा टारफुला.

मला नाही वाटत बीएस्सीच्या तीन वर्षांत मी एवढी खुश झाले असेन.

बादलीतली मुळं तर अजून भारी होती. जवारीच्या पांढऱ्या मुळीला टारफुल्याची बारीक मुळी जिथं चिकटते तिथं छोटी गाठ असते, तेच हॉस्टोरियम, शोषक मूळ. भिंगाखाली बघितलं की कळतं, ही मुळी नुसती टेकलेली नाही, आत घुसलीय. पोरगी म्हणाली, "मम्मी हे तर पॅरासाईटचं चित्रच आहे, आमच्या पुस्तकात अमरवेल दिलीय." दिलीय ना बाई. पण बघितली कधी? घराच्या मागं बाभळीवर आहे.

जुन्या पुस्तकांचा एक घोळ मात्र ध्यानात ठेवा, नावं बदलतात. हूकरमध्ये जी स्ट्रायगा ल्युटिया आहे ती आता स्ट्रायगा एशियाटिका. बाभूळ आपल्या परीक्षेत अकॅशिया होती, आता व्हॅचेलिया निलोटिका. टाकळा कॅशियातून सेन्नात गेला. आणि खुद्द टारफुल्याचं कुळ बदललं, आम्ही स्क्रोफ्युलारिएसी पाठ केलं होतं, डीएनएवरून आता तो ओरोबँकेसीत बसवलाय, म्हणजे बाकीच्या मूळचोरांच्या पंगतीत, जे मला तरी जास्त पटतं. हे सगळं तपासायला लंडनच्या क्यू गार्डनची 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाईन' ही साईट, २०१७ पासून चालू आहे, जुनं नाव टाका की आजचं मान्य नाव दाखवते. कुळांची वंशावळ का बदलली हे खोलात बघायचं असेल तर मिसुरी बोटॅनिकल गार्डनची 'अँजिओस्पर्म फायलोजेनी वेबसाईट' आहे, पण ती वाचणं म्हणजे दगडाची भाकरी, मी अजून अर्ध्या पानाच्या पुढं गेले नाही.

आता आपल्या मराठवाड्यापुरतं एक. महाराष्ट्राच्या झाडांसाठी सगळे कुकचं नाव घेतात, थिओडोर कुक, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा प्रिन्सिपल, शिक्षणानं इंजिनियर, आणि लिहिला काय तर 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे', १९०१ ते १९०८. तो पण फुकट आहे नेटवर, आणि फार सुंदर आहे. पण त्यात बीड शोधाल तर सापडायचं नाही, परभणी नाही, नांदेड नाही. मी आधी येड्यासारखी शोधत बसले. नंतर ट्यूब पेटली की आपण तेव्हा बॉम्बेत होतोच कुठं, आपण निजामाच्या राज्यात! कुकच्या पुस्तकाची हद्द प्रेसिडेन्सीच्या हद्दीपाशी संपते. सप्टेंबरात मुक्तिसंग्राम दिनाला आपण झेंडावंदन करतो पण त्या सीमेमुळं आपली झाडं सुद्धा पुस्तकाबाहेर राहिली हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मी उपाय असा करते की शेजारच्या सोलापूर-नगरच्या नोंदी बघते, झाडांना काही चेकपोस्ट नसतं. आणि आपल्यासाठी व्ही. एन. नाईक सरांनी 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' दोन खंडांत लिहून ठेवलाय, १९९८ ला संभाजीनगरातून आला, तो मी एका कॉलेजच्या लायब्ररीत बसून बघितला, झेरॉक्सवाल्याला पानामागं दोन रुपये दिले. फुकटाच्या पोस्टमध्ये हा खर्च बसत नाही पण इलाज नाही.

नाव झालं. पण ओळखणं म्हणजे शिकणं नव्हे, माझा खरा प्रश्न वेगळाच होता. खसखशीपेक्षा बारीक बी, एकेका झाडाला हजारोंनी, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जवारी पेरली की मगच उगवतं. त्याला कळतं कसं की वर जवारी आहे?

इथं मला ओपनस्टॅक्सचं 'बायोलॉजी' कामाला आलं, अमेरिकेतल्या राईस युनिव्हर्सिटीचं फुकट पुस्तक आहे. वनस्पतींचा भाग तीन धड्यांचा, रचना, माती अन् पोषण, आणि प्रजनन. इंग्रजी सोपी, आकृत्या चांगल्या, पाया पक्का करायला मी पोरांना हेच सांगते. मग त्याच्या पुढं 'प्लांट सेल' या जर्नलची 'टीचिंग टूल्स इन प्लांट बायोलॉजी', शिकवणाऱ्यांसाठी स्लाईड अन् टिपणं असतात. आणि त्याच्याही पुढं पबमेड सेंट्रल, जिथं मूळ संशोधनाचे पेपर फुकट वाचायला मिळतात. पेपर म्हणलं की भीती वाटते, पण नुसता सुरुवातीचा सारांश अन् शेवटची चर्चा वाचा, मधलं सोडून द्या, मी तेच करते.

तर गोष्ट अशी निघाली. जमिनीत फॉस्फरस कमी पडला की जवारीची मुळं एक रसायन सोडतात, स्ट्रिगोलॅक्टोन. ते सोडतात एका बुरशीला हाक मारायला, जी मुळांशी दोस्ती करून फॉस्फरस आणून देते. म्हणजे जवारी मदतीला हाक मारते बुरशीला, अन् ती हाक ऐकतो टारफुला. भिंतीला कान म्हणतात ते हेच. बी जागं होतं, मुळी सोडतं, जवारीच्या मुळाला भिडतं, अन् वर दिसायच्या आधीच निम्मं नुकसान करून मोकळं. म्हणून वर आलेला टारफुला उपटून त्या सालाची जवारी वाचत नाही, पण फुलायच्या आत उपटला तर पुढचं बी तरी पडत नाही. आणि म्हणूनच तो माळावरच्या हलक्या उपाशी जमिनीत जास्त, काळ्या कसदार रानात कमी.

गंमत पुढं आहे. हे रसायन पहिल्यांदा वेगळं काढलं १९६६ ला, अमेरिकेत, आणि कशातून? कापसाच्या मुळांतून. कापसाला टारफुला लागत नाही, तरी त्याची मुळं तीच हाक सोडतात. मग टारफुल्याचं बी फसतं, उगवतं, धरायला जवारी नसते, अन् चार-आठ दिवसांत उपाशी मरतं. सापळा पीक म्हणतात याला. मी हे आत्याबाईंना मोठ्या उत्साहानं सांगायला गेले तर त्या शेंगा फोडत म्हणल्या, "मग? आमचा मामंजी कापसाच्या रानातच जवारी घ्यायचा की. कापसाचं बेवड चांगलं म्हणायचा." घ्या! बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा रानात मागं राहिलेला गुण, हा शब्द मी लहानपणापासून ऐकतेय, त्याच्या आत एवढी केमिस्ट्री असेल असं वाटलं नव्हतं. मामंजींच्या त्या बेवडात टारफुल्याचा हिशोब कितपत होता ते आत्याबाईंनाही सांगता येत नाही, पण ऐकताना त्यांचे हात थांबले होते एवढं खरं.

त्या हाकेचा बुरशीशी संबंध २००५ ला कळला, आणि २००८ ला हेच रसायन झाडाला फांद्या किती फुटू द्यायच्या ते ठरवणारं हॉर्मोन पण आहे हे निघालं. आमच्या वेळी हॉर्मोन पाच होते, ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, इथिलिन, ॲब्सिसिक. म्हणजे मी डिग्री घेऊन चुलीपाशी बसले त्यानंतर हे सगळं झालंय. आणि टारफुल्याला दाद न देणारी जवारी तयार केल्याबद्दल इथिओपियाच्या गेबिसा एजेटांना २००९ चा वर्ल्ड फूड प्राईझ मिळाला, त्यातल्या काही जवाऱ्यांची युक्ती साधी आहे, मुळातून हाकच बारीक मारायची.

आता आपल्याकडचं सरकारी फुकट. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं नेटवर आहेत हे नीटवाल्यांना सांगायची गरज नाही, त्यांना ती ओळीन् ओळ पाठ असतात, दुखणं तेच आहे. इग्नूची पुस्तकं ईज्ञानकोशवर, छपाई जुनाट पण समजावून सांगतात जीव लावून, परीक्षेपुरती नोट नाही ती. एमएस्सीवाल्यांना ई-पीजी पाठशाला. 'स्वयं' या सरकारी साईटवर कोर्स ऐकायला फुकट आहेत, फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेला फी, आणि एनपीटीईएलचे आयआयटीवाल्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर पण आहेत. खरं सांगू का, यातल्या काही व्हिडिओत सर स्लाईड वाचून दाखवतात, झोप येते. मी भाकरी थापताना दीडच्या स्पीडनं लावते, जिथं कान टवकारतात तिथं हात धुवून मागं घेते.

मराठीतून वाचायचं असेल तर मराठी विश्वकोश, ऑनलाईन फुकट आहे आणि त्यातल्या वनस्पतींच्या नोंदी खरोखर अभ्यासून लिहिल्यात. फक्त शब्दांची तयारी ठेवा. बालभारतीत जे निदलपुंज ते विश्वकोशात संवर्त, दलपुंजाला पुष्पमुकुट, अंडाशयाला किंजपुट. मी वहीत तीन रकाने केलेत, बालभारतीचा शब्द, विश्वकोशाचा शब्द, इंग्रजी शब्द. चौथा रकाना आत्याबाईंचा, तो सगळ्यात लवकर भरतोय.

ॲपबद्दल पण बोलते, नाहीतर म्हणाल हिला रागच आहे. राग नाही. आयनॅचुरलिस्ट अन् प्लांटनेट दोन्ही वापरते मी. पण ॲपला आपण काय देतो, लांबून काढलेला एक हिरवा फोटो. फुलाचा पुढून, फुलाचा बाजूनं, पानाची खालची बाजू, अख्खं झाड, आणि शेजारी रुपयाचं नाणं, एवढे फोटो दिले की तिथली जाणती माणसं येऊन दुरुस्त करतात. भारतातल्या झाडांसाठी 'ईफ्लोरा ऑफ इंडिया' आणि 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल' ही दोन जास्त जवळची, 'फ्लॉवर्स ऑफ इंडिया'वर तर स्थानिक नावांनी पण शोधता येतं. फक्त स्थानिक नावावर पैज लावू नका. आमची चिघळ म्हणजे पुस्तकातली घोळ, आमचा तरोटा म्हणजे पुण्याचा टाकळा, आणि एकाच नावाची दोन वेगळी झाडं दोन तालुक्यांत असतात. यूट्यूबवर "ही वनस्पती दिसली तर सोडू नका" वाले व्हिडिओ असतात ते मात्र बघा अन् सोडून द्या, एकात कुठल्यातरी वेलीचं नाव एक सांगितलेलं अन् दाखवलेली भलतीच, खाऊन बघणाऱ्याचं काय झालं असेल देव जाणे.

चिघळीवरून आठवलं. पावसाळ्यात आमच्याकडं आठवड्यातून दोनदा तरी होते, बेसन पेरून. ही रानात फुकट उगवणारी भाजी जवारीसारखंच सी४ पद्धतीनं (कडक उन्हात, कमी पाण्यात भागवायची पद्धत) प्रकाशसंश्लेषण करते, आणि पाण्याचा ताण पडला की त्याच्या जोडीला निवडुंगाची कॅम पद्धत पण चालू करते, रात्री कार्बन डायऑक्साईड साठवायचा अन् दिवसा वापरायचा. २०२२ ला अमेरिकेत येल युनिव्हर्सिटीच्या लोकांनी दाखवलं की ही दोन्ही कामं पानाच्या त्याच पेशींत चालतात. कॅमवाल्या पानात रात्री आम्ल साठतं म्हणून ते पहाटे आंबट लागतं अन् संध्याकाळी कमी, हे पुस्तकात वाचलं अन् पुढच्या सुट्टीत मी अन् पोरगी दोघींनी उन्हात सुकवलेल्या कुंडीतली चिघळ पहाटे पाचला अन् संध्याकाळी पाचला चावून बघितली. फरक लागतो. आत्याबाई ओट्यावर बसून दोन्ही टायमाला आमच्याकडं बघत होत्या, बोलल्या काही नाहीत.

टारफुल्याची ती दोन रोपटी मी पेपरच्या घडीत दाबून गादीखाली वाळवली, तारीख, वावर, जवारीचं वाण सगळं चिठ्ठीवर लिहून. दिवाळीच्या साफसफाईत ती घडी चुलीत जाता जाता वाचली. बी मात्र एक पण सांडू दिलं नाही, बादलीतली माती सुद्धा उकळत्या पाण्यानं मारून टाकली, ते पाप नको.

यंदा आमच्या ह्यांनी त्या माळावर परत जवारी टाकलीय, कडबा महाग झालाय म्हणून. मी कापूस टाका म्हणून दोनदा सांगून बघितलं, सापळा पिकाचं सगळं पुराण पण लावलं, पण ऐकलं नाही. टारफुला आला तर जवारीचं वाटोळं, हे मला कळतं. पण पोळा झाला की मी रोज एक चक्कर मारणार आहे तिकडं, भिंग पदराला बांधून, आणि पांढरं काही दिसलं तर मनातून उकळ्या फुटणार आहेत. आत्याबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही.